सूर न तोडता

शनिवार, ३० नोव्हेंबर
आजपासून मी नाशिकच्या चर्चची वादक! खोली चर्चच्या मागेच. सामान म्हणजे दोन बॅगा आणि आईने कोंबलेला चिवडा. मनमाडला पेटी बडवणाऱ्या संजनाला खराखुरा ऑर्गन मिळाला, म्हणून मी सकाळपासून हवेत आहे. ऑर्गन जुना आहे, पायांनी भाता मारावा लागतो. धाकटी मोहिनी फोनवर चिडवत होती, की आता ताईचं वजन उतरणार. आम्ही दोघी एकाच पेटीवर शिकलो. २८ डिसेंबरला तिचं लग्न आहे आणि तिथे मीच वाजवायचं, असं तिने वचन घेतलंय.

रविवार, १ डिसेंबर
आधीच्या वादकांची, हिरामण सरांची, गंमतच. उपासना संपली, मंडळी मिसळ खायला पांगली, तरी हे वाजवतच होते. एका जुन्या स्तोत्राची चाल, तिच्यावर त्यांनीच बांधलेली रचना. चाल फिरून फिरून सुरुवातीलाच येते, स्तोत्र संपवणारं आमेन नाहीच. त्यांनी मला शेजारी बसवलं. आधी डावा हात माझा, मग उजवा, मग पाय. सूर न तोडता जागा दिली. चालत्या गाडीत ड्रायव्हर बदलावा तसं! उठल्यावर त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि रडायलाच लागले. माफ कर पोरी म्हणाले आणि चपला न घालताच गेले. म्हातारी माणसं हळवी असतात.

बुधवार, ४ डिसेंबर
नाशिकची हवा बाधली बहुतेक. खोलीत धाप लागते. ऑर्गनवर बसून ती चाल धरली, की छाती मोकळी होते. दुसरी गाणी वाजवून भागत नाही. चालीला आमेन जोडायला गेले, तर बोटं पट्ट्यांवर उतरेचनात. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही.

मंगळवार, १० डिसेंबर
झाडलोट करणाऱ्या सिंधुबाईंना विचारलं. त्या नजर चुकवून म्हणाल्या, "सरांना बी असंच व्हायचं. तरुणपणापासून. घरी गेलेच नाय कधी." मला संतापच आला. सर फोन उचलत नाहीत.

शुक्रवार, १३ डिसेंबर
घरी निघाले. नाशिकरोडच्या फलाटावर श्वास संपला. संपला म्हणजे संपलाच. लोकांनी रिक्षात घातलं. चर्च दिसलं तशी आत धावले— भाता— चाल— आणि जगले. मला भीती वाटतेय.

शुक्रवार, २० डिसेंबर
आता जेवणही इथेच. सिंधुबाई भरवतात. डावा हात पट्ट्यांवर, उजव्याने लिहितेय. पाळकसाहेब कौतुक करतात, किती मन लावून वाजवते म्हणून.
सुटायची वाट एकच. सरांनी माझ्याशी केलं तेच. मी ते कुणाशी करणार नाही. मोहिनीला कळवलंय, येऊ नको—
आई, मला घरी यायचंय.

शुक्रवार, २७ डिसेंबर
मोहिनी आली. हळद लागलेली मुलगी घराबाहेर पडत नाही, तरी आली. जवळ येऊ नको म्हणून ओरडले. ती रडतेय, ताई किती वाळलीस—
शेजारी बसली. लहानपणी बसायची तशी.
खांद्याने ढकलते, हटत नाही. म्हणते, तू जरा दम खा, मी धरते—
हळदीचे हात. आधी डावा—
छाती मोकळी झाली.
माझे पाय थांबलेत. सूर तुटला नाही. मोहिनी, ऊठ, मोहि