शेवटच्या फेरीची घंटा

तीर्थरूप आई,

इथूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबा अजून कामावर जातात का? त्यांच्याशिवाय कारखान्याचं पान हलत नाही म्हणे!

मैदानावरचं माझं काम हलकं आहे. धावपट्टीच्या मातीवर पाणी मारायचं, रेषा आखायच्या आणि शर्यतीत शेवटची फेरी लागली की घंटा वाजवायची. एरवी मात्र घंटेला हात लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलंय.

इथला एक धावपटू न थकता एकाच लयीत धावायचा, म्हणून त्याला सगळे ‘लोलक’ म्हणायचे. राष्ट्रीय स्पर्धेत दहा हजार मीटरला दोनदा सुवर्णपदक! दाराशी त्याचा पुतळा आहे. त्याच्या गुडघ्याला हात लावल्याशिवाय कुणी आत येत नाही. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

आई, हसू नकोस. दुपारी मैदान रिकामं असतं, तेव्हा आतल्या पट्टीत पावलं वाजतात आणि ओल्या मातीवर ठसे उमटत जातात. इथे कुणी दचकत नाही. माळीबुवा तर झारी उचलून शांतपणे बाजूला होतात.

काल मला राहवलं नाही. प्रशिक्षकांना म्हटलं, “सर, बिचारा दमला असेल हो. एकदा घंटा वाजवू?”

ते अंगावरच आले. “वेडी आहेस का? मग तो थांबेल ना!”

तेवढ्यात पावलं आमच्याजवळून गेली. त्याला धाप लागली होती, जिना चढताना बाबांना लागते तशीच.

बाबांना म्हणावं, पुरे झालं आता. घंटेची वाट बघू नका.

तुझी,
धाकटी