अप्पांची काचेची टाकी

३ नोव्हेंबर, सोमवार

फिजिओवाली श्वेता आलेली. अप्पांनी रबरी बॉल फेकला. उजव्या हाताने फेकला असता तर पेढे वाटले असते. डाव्याने फेकला. ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो. आणि तोंडात एकच शब्द. "तेच." भूक लागली, तेच. पंखा बंद कर, तेच.

श्वेता म्हणाली, "ताई, बॉल राहू दे. त्यांच्या आवडीचं काहीतरी काम द्या हाताला."

आवडीचं म्हणजे मासे पाळणं. आई गेल्यावर बंद केलं. ती दोन फुटी काचेची टाकी गॅलरीत आहे, मी तिच्यात कांदे ठेवते.

कांदे काढले. टाकी धुऊनपुसून त्यांच्यासमोर ठेवली. खूप वेळ बघत होते. मग माझ्याकडून पुसायचा राहिलेला कोपरा बोटाने दाखवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

रिक्षाने अप्पांना घेऊन स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात. दुकानदाराने निळे खडे काढले, प्लॅस्टिकचा किल्ला काढला. अप्पा "तेच! तेच!" करून ओरडले, सगळी गिऱ्हाइकं बघायला लागली. मला लाज वाटली. नंतर लाज वाटल्याची लाज.

मग बिलाच्या मागे त्यांनी डाव्या हाताने काढून दाखवलं. तळाला एक चढत जाणारी रेघ, तिच्यावर वेडंवाकडं आडवं काहीतरी. वाळू आणि लाकूड. नदीचा तळ असतो तसा. दुसरं काही नको.

लाकूड निवडायला पाऊण तास. काळपट, तीन फाट्यांचं, एखाद्या झाडाचं मूळ असावं.

९ नोव्हेंबर, रविवार

बाथरूममध्ये स्टूलवर बसवलं, पुढे टबात वाळू. उजवा हात मीच आत ठेवला. पाणी घालायचं, ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं. नवव्या पाण्याला करंगळी वाकली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी हात काढला असता.

अकराव्या पाण्याला वाळू स्वच्छ झाली. त्यांनी अजून एकदा धुवायला लावली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाकूड बादलीत भिजतंय. भिजवलं नाही तर तरंगतं. रोज पाणी बदलते, रोज चहासारखं होतं.

रजा संपल्या. शाळेच्या ऑफिसात परत रुजू. दुपारी शेजारच्या गांगण काकू अप्पांकडे येऊन-जाऊन बघतात.

दादाचा फोन, घोडबंदर रोडवरून, गाडी ट्रॅफिकमध्ये. "मेधा, कोलशेतला एक सेंटर बघितलंय. नर्स, फिजिओ, सगळं तिथेच. तू एकटी किती करणार?"

"अप्पा कुठेही जाणार नाहीत," म्हटलं. फटकन.

पण तो बोलत होता तेव्हा एक क्षण बरं वाटलेलं. संध्याकाळी सरळ घरी न येता कुठेतरी नुसतं बसता येईल, असं काहीतरी. इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकी लागली!

वाळू मागे उंच, पुढे उतरती. लाकूड तीनदा ठेवलं, तीनदा "तेच!" चौथ्यांदा माझं मनगट धरून वळवलं. उजव्या हाताने. पकड कसली, नुसती बोटं टेकवलेली, पण वळवलं. वाळू उसळू नये म्हणून वर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतलं. लाकडाला दोन रोपं दोऱ्याने बांधली, गाठ मारताना दोरा त्यांच्या अंगठ्याखाली.

मासे कधी, विचारलं. कॅलेंडरवर डिसेंबरचं पान उलटून मधल्या आठवड्यावर बोट ठेवलं. दुकानदारही तेच म्हणालेला, पाणी तयार व्हायला महिना लागतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लाकडावर पांढरा बुळबुळीत थर. मी घाबरले, सगळं फुकट गेलं म्हणून. अप्पा हसले. तोंड एका बाजूला गेलं, पण हसले. म्हणजे होतं असं, जाईल आपोआप. ऑगस्टनंतर पहिल्यांदा हसताना बघितलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पडले.

मी शाळेत. काकू दहा मिनिटं कुकर लावायला घरी गेलेल्या. टाकीतलं पाणी बोटभर कमी झालेलं, ते भरायला अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन एकटेच उठले. लादी ओली. मनगट मोडलं. उजवं.

प्लॅस्टर कोपरापर्यंत. काकू रडत होत्या, त्यांना मीच समजावलं.

दादा हॉस्पिटलात आला. ओरडेल वाटलेलं. म्हणाला, "मी तुला दोष देत नाहीये." ओरडला असता तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, मंगळवार

मी हो म्हटलं. दादाने परत विचारलंही नव्हतं. मीच फोन केला. "कोलशेतचं बघ."

अप्पांना सांगायचं काम मी घेतलं. खुर्चीजवळ खाली बसले. "प्लॅस्टर निघेपर्यंत. मग आणते घरी." ते टाकीकडे बघत होते. तेच सुद्धा म्हणाले नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार

सोडून आलो. खोलीत चार पलंग, अप्पांचा भिंतीकडचा. खिडकी दुसऱ्या बाजूला. दादाने चादर नीट केली, मग परत केली. लहानपणी अप्पा त्याला शाळेत सोडायचे तेव्हा रडायचा, ते उगाच मनात आलं. 

७ डिसेंबर, रविवार

भेटायला गेले. मोबाईलवर टाकीचा फोटो दाखवला, पांढरा थर गेलाय, पाणी काचेसारखं. बघितला आणि तोंड भिंतीकडे केलं. डाळभात मी भरवला तर चार घास. नर्स म्हणते एरवी दोनच.

११ डिसेंबर, गुरुवार

घर नीट आहे. जेवण वेळेवर. काल रात्री मी सरळ आठ तास झोपले. किती वाईट आहे हे, आणि किती गरज होती.

१३ डिसेंबर, शनिवार

सहा मासे आणले, बोटाच्या पेराएवढे. आणावेत की नाही, दुकानाबाहेर उभी राहून विचार केला. सोडले. दिवसभर लाकडामागे लपून होते. संध्याकाळी दोन बाहेर आले. व्हिडिओ काढला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कोलशेत. अप्पा झोपलेले. गालाची हाडं वर आलीत.

नर्स म्हणाली, "ताई, आजोबा कधीकधी मेधा मेधा करतात हां."

मी अर्धा तास थांबले. अप्पा उठले, माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायले. काही म्हणाले नाहीत. चार महिन्यांत मी माझं नाव ऐकलेलं नाही. खरंच म्हणत असतील? का ही सगळ्यांच्याच मुलींना असं सांगते?

निघताना ऑफिसातल्या बाईंनी पुढच्या महिन्याचा फॉर्म दिला. नाव, वय, औषधं. खाली दोन चौकोन. मुक्काम: तात्पुरता, कायमचा. दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू ठरव. तू म्हणशील ते."

चौकोन सोडून बाकी सगळं भरलं. बसमध्ये पेन काढलं, परत ठेवलं. आता जेवून पुन्हा काढलंय. फॉर्म उद्या द्यायचाय.