पंचावन्न किलो

सर, काल सकाळी साडेसहाला मी खांद्यावर पन्नास किलोचा रॉड घेऊन पाच बैठका काढल्या. माझं वय आता त्रेपन्न आहे. ही बातमी ऐकून तुम्ही काही खूश झाला नसता, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त विचारलं असतं, पाचवी बैठक पहिलीसारखी होती का? होती. गुडघे आत आले नाहीत, टाचा उचलल्या नाहीत, श्वास जिथे सोडायचा तिथेच सोडला. रॉड स्टँडवर ठेवला आणि सवयीने मान डावीकडे वळवली, कारण तुम्ही नेहमी डावीकडे, खिडकीच्या गजाला टेकून उभे असायचात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. मान अजून वळते.

मी एकोणीस वर्षांची असताना तुमच्याकडे आले. आम्ही पाच मुली होतो. सकाळी सहा ते सात ही वेळ मुलींसाठी मिळावी म्हणून तुम्ही दोन वर्षं व्यायामशाळेच्या कार्यकारिणीपुढे जात होतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की सत्तावन्न वर्षांचा एक बारीक माणूस आहे, फोर्टातल्या कुठल्याशा ऑफिसात हेडक्लार्क आहे, पांढरी हाफपँट इस्त्री करून घालतो, आणि आम्हाला लोखंडाला हातच लावू देत नाही. दोन महिने तुम्ही आमच्या खांद्यावर नुसती बांबूची काठी दिलीत. शेजारी मसाल्याचा डंक होता. मार्च-एप्रिलमध्ये तिथे मिरच्या कुटायला लागले की आम्ही बैठकीत खाली गेलेल्या असतानाच शिंकायचो, आणि तुम्ही म्हणायचात, शिंकलात तरी पाठ सरळच राहिली पाहिजे. आम्ही हसायचो. तुम्ही विनोद करत नव्हतात.

काठीनंतर रिकामा रॉड, तोही दोन महिने. मग दर पंधरा दिवसांनी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. दादरच्या एका जिममध्ये जाणारी माझी कॉलेजातली मैत्रीण तेव्हा सत्तर किलो उचलत होती, आणि मी अजून तीस-बत्तीस किलोवरच. एकदा मी तुम्हाला विचारलंच, "सर, माझे शंभर कधी होणार?"

तुम्ही हातातला नॅपकिन घडी करत म्हणालात, "ते मला नाही सांगता येणार. साठाव्या वर्षी तू काय उचलशील ते विचार."

मी म्हटलं, साठाव्या वर्षी कशाला उचलायचं? तुम्ही नॅपकिन खिडकीच्या गजावर टाकलात. रॉडखाली गेलात आणि स्वतःच्या बैठका सुरू केल्यात. तुमच्या रॉडवर फार काही नसायचं, साठ-पासष्ट किलो. पण त्या माझ्या जन्माआधीपासून तशाच चालल्या होत्या. ना चेहरा लाल, ना आवाज. मला तेव्हा ते बघून कंटाळा यायचा, सर. खरं सांगते. आणि जरा कीवही.

तुमचा ओरडा मी एकदाच खाल्ला. तुम्ही बाहेर कुणाशी तरी बोलत होतात तेव्हा मी गुपचूप दोन्हीकडे पाच-पाच किलो जास्त चढवले आणि एक बैठक कशीबशी काढली. तुम्ही दारातून पाहिलंत. आत येऊन प्लेटा उतरवल्यात, जागच्या जागी लावल्यात आणि हळू आवाजात म्हणालात, "ही घाई तुझी नाही. कुणाची तरी उसनी आणलीस. ज्याची त्याला परत करून ये, मग इथे ये." आठवडाभर मला पुन्हा काठी. बाकीच्या चौघींसमोर. मी घरी जाऊन रडले आणि त्याच आठवड्यात ठरवलं की दादरला जायचं.

घरी सांगितलं, टायपिंगचा क्लास लावलाय. बाबा छापखान्यात कामाला होते. मुलगी टायपिंग शिकते म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं. संध्याकाळी पाच ते सहा मी दादरच्या त्या जिममध्ये जायची आणि सकाळी सहाला तुमच्याकडे काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने उभी राहायची. तिथला ट्रेनर पंचविशीतला होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंगच्या निवडीला आठ आठवडे आहेत, तुझे ऐंशी सहज काढून देतो. आणि त्याने दिले काढून. सातव्या आठवड्यात ऐंशी किलो माझ्या खांद्यावरून खाली गेले आणि वर आले, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्याकडे कधी कुणी टाळ्या वाजवत नसे. त्या आठवड्यात तुमच्याकडे मी पंचावन्नवर होते. तुम्ही मागे उभे राहून म्हणालात, कंबर दमलेली दिसते, रात्री झोपतेस ना नीट? मी हो म्हटलं.

आठव्या आठवड्यातल्या मंगळवारी पंच्याऐंशी घेतले. खाली गेले आणि वर येताना कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. आवाज नाही, काही नाही. डाव्या पायातून वीज गेली आणि मी रॉडसकट पुढे कोसळले. दोघांनी टॅक्सीत घालून लालबागला आणलं आणि आमच्या चाळीच्या तोंडाशी सोडून ते निघून गेले. जिना मी बसून, एकेक पायरी करत चढले. आई विचारत होती, काय झालं, कुठे झालं? टायपिंगच्या क्लासात पाठ मोडत नाही, सर. मी म्हटलं, सकाळी व्यायामशाळेत वजन जास्त झालं, दिवसभर दुखत होतं, आता पायच टाकवत नाही.

एवढंच. एका वाक्यात झालं.

बाबा दुसऱ्या दिवशी कामावर न जाता कार्यकारिणीकडे गेले. मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी म्हणे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "माझ्या चेडवाची पाठ गेली, आता तिच्याशी लगीन कोण करतलो?" आईने हे मला सांगितलं तेव्हा मी पलंगावर उताणी पडून पंख्याकडे बघत होते. डॉक्टरांनी तीन आठवडे उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मणक्यातली चकती सरकली होती.

पंधराव्या दिवशी तुम्ही आलात. बाबा दारातच उभे राहिले, या म्हणाले नाहीत. तुम्ही त्यांची परवानगी विचारून आत आलात, स्टुलावर बसलात. हातात मोसंबी होती, ती आईकडे दिलीत. मग मला विचारलंत, "शेवटचं वजन किती होतं?"

मी म्हटलं, "पंचावन्न."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पंचावन्न तुम्हीच लावले होते त्या दिवशी. मी ते कसे उचलले, कसे ठेवले, चालत घरी कशी गेले, सगळं तुम्ही पाहिलं होतं. माझे बाबा आणि आई खोलीत होते. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी तिथेच खरं सांगून टाकलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिले. म्हणजे तुम्ही बोलला नाहीत हीही तुमचीच चूक. तुम्ही म्हणालात, "बरं." मग आईला जवळ बोलावून दाखवलंत, टाच गादीवरून कशी सरकवायची, गुडघा किती वाकवायचा, दुखलं की कुठे थांबायचं. दिवसातून तीनदा. मला म्हणालात, "सहा महिने हेच. मग काठी. मग रिकामा रॉड. कुठे जायचंय आपल्याला?"

निघताना दाराशी तुम्ही बाबांना नमस्कार केलात आणि म्हणालात, "माझं लक्ष कमी पडलं. चूक माझी." मी ते ऐकलं. मी भिंतीकडे तोंड केलं होतं, पण जागी होते आणि मी ते ऐकलं.

मुलींची वेळ त्याच महिन्यात बंद झाली.

मी उठले, चालले, नोकरीला लागले. तुम्ही दाखवलेलं मी इमानाने केलं, सहा महिने, म्हणून माझी पाठ वाचली. व्यायामशाळेच्या रस्त्याने मात्र जाणं सोडलं. लग्नाच्या आधी एकदाच, आईने सकाळी दुधाला पाठवलं म्हणून गेले. सहा वाजून गेले होते. खिडकीतून दिसलं, हॉलमध्ये तुम्ही एकटेच. ती वेळ कार्यकारिणीने अजून कुणाला दिली नव्हती आणि तुम्ही त्याच वेळेला येत होतात. आमच्या पाच काठ्या भिंतीला लावलेल्या होत्या. तुम्ही रॉड घेऊन खाली जाताय, वर येताय, खाली जाताय. मी पाच बैठका मोजल्या आणि चालू लागले. आता वाटतं, आत जायला किती पावलं होती? दहासुद्धा नसतील.

मी लग्न होऊन कल्याणला गेले. तुम्ही गेल्याचं आईने फोनवर सांगितलं, भाजीचे भाव सांगता सांगता. कावीळ झाली होती म्हणाली, पण आजारी पडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत व्यायामशाळेत जात होते. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला घ्यायचं होतं, असं काहीतरी कारण मी स्वतःला दिलं.

तीन वर्षांपूर्वी आईला एकटीला राहणं जमेना म्हणून मी पुन्हा लालबागला राहायला आले. गेल्या दिवाळीच्या आधी हिंदमाताला साडी घ्यायला गेले होते, तर दुकानाच्या पायरीवर एक बाई गुडघा धरून बसलेली. आमच्या पाचजणींमधली सगळ्यात ताकदीची, जिच्याबद्दल तुम्ही फक्त एकदा आणि तेही तिच्या पाठीमागे म्हणाला होतात की ही लांब जाईल. तिला पायरीवरून उठायला माझा हात लागला. चहा प्यायलो. ती म्हणाली, दोन जिने चढवत नाहीत, डॉक्टर म्हणतात मांड्यांत ताकद नाही. मग हसून म्हणाली, आपलं चालू राहिलं असतं तर ना गं. सरांनी तुला जास्त वजन दिलं आणि सगळंच बसलं. मी चहाचे पैसे दिले.

त्यानंतर मी कार्यकारिणीकडे गेले. आता तिथे सगळे तरुण आहेत, मला काकी म्हणतात. मी म्हटलं, सकाळी सहा ते सात बायकांना द्या, पन्नाशीच्या पुढच्या, मी शिकवते. एकजण म्हणाला, पूर्वी म्हणे काही अपघात झाला होता? मग मी सगळं सांगितलं. दादर, पंच्याऐंशी, टायपिंग, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. आणि म्हणाले, काकी, फार जुनं झालं हो ते, सोमवारपासून या. तेहतीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही, ते निघालं तेव्हा कुणाला त्याचं काहीच नव्हतं.

पायरीवरच्या त्या मैत्रिणीलाही सांगितलं, ती पहिल्यांदा आली त्या सकाळी. तिने खुर्चीवरून उठायच्या-बसायच्या दहा फेऱ्या पूर्ण केल्या, मग चपला घातल्या. "सरांना सांगायचं होतंस," म्हणाली. आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी आली. आता काठी सोडून रिकाम्या रॉडवर आहे आणि दोन जिने चढते. आम्ही सातजणी आहोत. सगळ्यात मोठ्या आजी एकाहत्तर वर्षांच्या. त्यांनी मला विचारलं, माझं वजन कधी वाढवणार?  मी बाजूला जाऊन माझ्या बैठका सुरू केल्या, आणि मध्येच मला समजलं की साठाव्या वर्षाचं विचारलं तेव्हा तुम्ही सरळ बैठका का सुरू केल्या होत्यात. उत्तर नव्हतंच. फक्त दाखवता येतं, आणि बघणाऱ्याला ते दिसायला तीस वर्षं लागतात.

मैत्रीण म्हणाली तसं, तुम्हाला सांगायचं होतं. म्हणून हे लिहिलं. पाठवायला पत्ता नाही असंही नाही. काकू अजून तुमच्या त्याच खोलीत राहतात, आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. ऐंशी उलटल्या आहेत, डोळे अजून चांगले आहेत, वाचतात. हे कागद त्यांच्या हातात देता आले असते. गेल्या गुरुवारी त्या मार्केटात भेटल्या. मी पिशवी घेतली, जिन्यापर्यंत सोडलं. तिथे त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "पाठ कशी आहे गं तुझी? हे शेवटपर्यंत विचारायचे."

मी म्हटलं, बरी आहे. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.