नागपूरचं घर आणि हॅम्बुर्गची अट

मी, सौ. प्रमिला दयानंद गजभिये, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय नोकरी, राहणार सीब, मस्कत, मूळ राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि आत्ताच दोन पोळ्या नि वांग्याची भाजी व्यवस्थित जेवून लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. जबरदस्ती करण्याइतका दम या घरात माझ्याशिवाय कोणात नाही.

मला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगते, कारण मृत्युपत्र म्हटलं की लोक लगेच तोंड पाडून चहा प्यायला येतात. पण गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेले आणि त्यांची बायको कागदांसाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरून अर्धी झाली. मी जन्मभर शिपिंग एजन्सीत दुसऱ्यांच्या मालाची कागदपत्रं केली, एक शिक्का कधी चुकला नाही. माझीच अर्धवट राहिली तर ऑफिसातली नूतन मला वर येऊन हसेल. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी नूतननेच करावी, ती माझ्या हाताखाली तयार झाली आहे.

१. अंत्यविधी. जिथे मरेन तिथेच, बौद्ध पद्धतीने, साधा करावा. पेटीत घालून विमानाने इकडून तिकडे नेऊ नये. आयुष्यभर कार्गो पाठवला, मला स्वतःला कार्गो व्हायचं नाही. जमलेल्यांना पोटभर जेवायला घालावं. ज्यांना रडायचं असेल त्यांनी जेवणानंतर रडावं.

२. बचत. बँकेतली माझी शिल्लक आणि नोकरी सुटताना मिळेल ती रक्कम, यांचा निम्मा भाग माझे पती श्री. दयानंद यांना आणि निम्मा आमची एकुलती एक मुलगी मैत्री हिला. त्यातून आधी इंदोऱ्याच्या विहारातल्या अभ्यासिकेला नवे पंखे घेऊन द्यावेत. तिथे मुलं परीक्षेच्या दिवसांत घामाघूम होऊन बसतात आणि कमिटीवाले तीन वर्षं कोटेशनच मागवताहेत.

३. वस्तू. सोनं मैत्रीला. माझी पैठणी जोहराला. जोहरा म्हणजे खालच्या मजल्यावरचे तय्यबभाई मुकादम यांची बायको, मूळची रत्नागिरीची. ती पैठणी पाहून ती दर ईदेला ‘आगो, ह्यो रंग बघ’ म्हणते आणि मी दर वेळी न ऐकल्यासारखं करते. घरातल्या हत्यारांच्या दोन पेट्या ह्यांच्या आहेत, त्यांना कोणी हात लावू नये. ह्यांनी मतरा बंदरात बावीस वर्षं क्रेन सांभाळल्या. त्या पेटीतला पाना एक इंच सरकला तरी ह्यांना झोपेत कळतं.

४. माझे दीर राजीव गजभिये. आमच्या लग्नात भाऊजींनी प्रेशर कुकर दिला, त्याला शिटी नव्हती. मी बाजारातून विकत आणून लावली आणि गेली बत्तीस वर्षं तो कुकर मी वापरते आहे. तो त्यांना परत करावा, शिटीसकट. ‘पोरगी जर्मनीत घालवली तुम्ही,’ असं ते प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत म्हणतात. आता त्यांनी कुकर लावावा आणि शिटी ऐकावी. बाकी माणूस वाईट नाही.

५. नागपूरचं घर. या कलमासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

ते घर माझ्या पगारातून घेतलेलं, माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरचा मजला ह्यांनी हौसेने मैत्रीसाठी बांधला. जिना बांधायला इतकी वर्षं लागली की हॅम्बुर्गकरांनी नदीकाठी जो मोठा संगीत हॉल याच वर्षी उघडला, त्याचीच आठवण यावी. तोही ठरल्यापेक्षा सात वर्षं उशिरा आणि भलताच खर्च करून. फरक एवढाच की तिथे लोक रांगा लावून आत जातात आणि आमच्या वरच्या मजल्यावर गाद्या वाळत पडतात, कारण मैत्री परत आली नाही. शिकायला हॅम्बुर्गला गेली, तिथल्या बंदरात इंजिनियर झाली आणि तिथलीच झाली.

ह्यांना दोन गोष्टी लागल्या. एक, पोरगी परत आली नाही. दोन, ती तिथे ज्या क्रेनांवर काम करते त्यांत वर माणूसच बसत नाही. संगणक कंटेनर उचलतो, बिनड्रायव्हरची गाडी घेऊन जाते. ‘माणूस नसलेली क्रेन म्हणजे काय क्रेन?’ हे पंधरा दिवस बडबडत होते. आणि मग तिने योनासचं नाव सांगितलं. योनास हॅम्बुर्गचाच, तिथले पूल तपासायची नोकरी करतो. त्या गावात पूल दोन हजारांच्या वर आहेत, म्हणजे जावई बेकार बसणार नाही, मी तर लगेच खूश झाले. हे म्हणाले, “त्या गावात मी पाय ठेवणार नाही. खलास.”

दोन वर्षांपूर्वी मैत्री त्याला घेऊन इथे आली. हे त्या सकाळी ‘बरक्याच्या मासळी बाजारातून सुरमई आणतो’ म्हणून निघाले ते डोंगरापलीकडे अल अमेरात गावी मित्राकडे जाऊन राहिले. पोरं परत गेल्यावर आले, सुरमईशिवाय. योनासने दारात पाठ केलेलं ‘जय भीम, बाबा’ रिकाम्या सोफ्याला म्हटलं. मैत्रीने त्याला हाताला धरून आत नेलं. मला त्या दिवशी इतका राग आला होता की मी ह्यांच्या दोन्ही पेट्यांतले पाने उलटसुलट लावून ठेवले.

आता हॅम्बुर्गबद्दल. मी ते गाव पाहिलेलं नाही, पण मला ते सीबइतकंच ओळखीचं आहे. सुकं लिंबू आणि खजूर मी तिकडे चोवीस वर्षं पाठवते आहे आणि तिकडून यंत्रांचे भाग मागवते आहे. तिकडच्या टेबलावर हाइके नावाची बाई असते. आधी फॅक्स, मग ईमेल, आता आम्ही पोराबाळांचे फोटो पाठवतो. हाइके लहान होती तेव्हा एल्बे नदीचं पाणी बांध फोडून रात्रीत वस्तीत शिरलं. तीनशेच्या वर माणसं गेली, हिला आजोबांनी माळ्यावर नेऊन बसवलं. त्याआधी युद्धात बॉम्ब पडून गाव जळालं होतं, आणि त्याच्या शंभर वर्षं आधी आगीत. दर वेळी लोकांनी राख झाडली आणि बंदर पुन्हा सुरू केलं. लाल विटांची त्यांची जुनी गोदामं पाण्यात लाकडी खांबांवर उभी आहेत, कॉफी, मिरी, गालिचे ठेवायची. बोलायला माणसं कंजूष. सकाळ असो की संध्याकाळ, ‘मॉइन’ म्हणतात आणि विषय संपतो. पण बंदराचा वाढदिवस दर मे महिन्यात असा करतात की आपल्याकडे चौदा एप्रिलला असते तेवढी गर्दी होते.

आणि तिथे एक रीत आहे. समुद्राकडून येताना हॅम्बुर्गच्या जरा अलीकडे वेडेल म्हणून गाव लागतं. तिथे काठावर एक जुना खलाशी माइक घेऊन बसतो. मोठं जहाज आलं की त्याच्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लावतात, झेंडा खाली-वर करून सलाम करतात आणि काठावर चहा पिणाऱ्या लोकांना सांगतात, हे अमुक जहाज, तमुक देशातलं, एवढं लांब, स्वागत आहे. हाइकेचा नवरा निवृत्तीनंतर हेच काम करतो. मी हे जेवताना मैत्रीला फोनवर सांगत होते, तेव्हा हे पेपरच्या मागून म्हणाले, “भारताचं आहे का त्यांच्याकडे? विचार.” मी विचारलं. आहे. “हं,” म्हणाले आणि पान उलटलं. मैत्रीशी बोलायचं नाही, पण माझ्यामार्फत विचारायचं, ही ह्यांची पद्धत. “वारा सुटला की ती बिनमाणसाची क्रेन थांबवतं कोण, विचार तिला.” मी म्हटलं, “मी काय तुमची टेलिफोन एक्स्चेंज आहे? स्वतः विचारा!” तो प्रश्न अजून तसाच आहे.

ओमानच्या राजघराण्यातली एक मुलगी फार वर्षांपूर्वी झांझिबारहून हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याशी लग्न करून गेली. माहेरच्यांनी तिला पुन्हा आपलं म्हटलं नाही. तिची कबर हॅम्बुर्गलाच आहे आणि तिच्या सोबत माहेरच्या किनाऱ्याची वाळू पुरली आहे, ती तिने जन्मभर जपली होती. हाइकेने हे सांगितलं तेव्हा मी ऑफिसात डोळे पुसले आणि नूतनला म्हटलं, मला सर्दी झाली आहे. माझ्या घरात हे मला नको आहे. परक्या जहाजाला वाजतगाजत आत घेणाऱ्या गावात आमची लेक राहते, आणि तिच्या बापाच्या दारात तिला साधं ‘ये’ मिळत नाही, याची मला लाज वाटते, आणि दुःख तर फारच होतं.

म्हणून अट अशी. नागपूरचे घर माझ्या पश्चात माझे पती यांना मिळेल, परंतु त्यांनी मैत्री आणि योनास यांना दारात उभे राहून स्वतःच्या तोंडाने ‘या’ म्हटलेले असले पाहिजे. म्हटले नसेल तर घर अभ्यासिकेला जाईल, आणि ह्यांनी तिथे नव्या पंख्याखाली सतरंजीवर बसून पेपर वाचावा. मैत्रीचं लग्न येत्या मे महिन्यात हॅम्बुर्गला आहे. त्याआधी दोघं उद्या इथे येताहेत. ह्यांना या अटीबद्दल कोणी काही सांगू नये. विकत घेतलेलं ‘या’ मला नको.

६. वरचं सगळं गुरुवारी रात्रीपर्यंत लिहून झालं. सह्या आज शुक्रवारी करायच्या ठरल्या, साक्षीदारांना सुट्टी असते म्हणून. सकाळी उठून पाहते तर हे घरात नाहीत. गाडीची किल्ली नाही. पुन्हा अल अमेरात! मी म्हटलं, जाऊ दे बाई, अभ्यासिकेतल्या मुलांचं तरी भलं होईल. आणि मग ओट्याशी उभी राहून कांदा न चिरताच रडले.

इतक्यात खालून खरखर ऐकू आली आणि बँड वाजायला लागला. जोहरा जिन्यातून धापा टाकत वर आली. “वैनी, भाईंनी ह्या काय लावलानी खाली? आनि आमच्या दुकानाचा स्पीकर तेंच्याकडे कसा?” तिच्यामागे तय्यबभाई खाली मान घालून उभे. स्पीकर त्यांनीच रात्री गुपचूप काढून दिला होता.

मी बाल्कनीत धावले. फाटकापाशी आमची गाडी, टपावर तय्यबभाईंचा सेलच्या वेळचा स्पीकर. शेजारी हे, इस्त्रीचा शर्ट, वर बंदरातलं नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हातात माइक. समोर टॅक्सीतून उतरलेली मैत्री आणि योनास, सामान रस्त्यात. आधी जर्मनीचं राष्ट्रगीत, मग आपलं. वॉचमन शरीफ सावधान उभा. अख्खी इमारत बाल्कन्यांत, कोणी टूथब्रश तोंडात धरून. गाणं संपलं आणि ह्यांनी माइकमध्ये खाकरून सुरुवात केली.

“बंदरात येत आहे... मैत्री दयानंद गजभिये. मूळ बंदर मस्कत. सध्याचं बंदर हॅम्बुर्ग. सोबत श्री. योनास, लांबी सहा फूट दोन इंच. दोन वर्षांपूर्वी यांना धक्क्यावर जागा मिळाली नव्हती, ती चूक बंदराची. स्वागत आहे. या. या रे पोरांनो.”

मैत्रीला रडावं की हसावं कळेना. “बाबा, तुम्ही ऐकत होतात? सगळं?”

“तुझी आई फोनवर ज्या आवाजात बोलते, ते बरक्यापर्यंत ऐकू जातं,” हे म्हणाले. “आता मला सांग, वारा सुटला की ती क्रेन थांबवतं कोण?”

योनास ‘जय भीम, बाबा’ म्हणाला आणि ह्यांनी हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. ते त्याला लहान झालं. आता तिघे टेबलावर मीठदाणी, चमचे आणि माझा चिमटा मांडून वाऱ्याचा हिशोब करताहेत, आणि मला पोहे वाढायला जागा नाही. इतका आनंद मला किती वर्षांत झाला नव्हता.

सबब, कलम ५ मधली अट मी स्वहस्ते खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. नागपूरचे घर विनाअट माझे पती श्री. दयानंद यांना, त्यांच्या पश्चात मैत्रीला. खोडलेलं वाचता येईल असंच खोडलं आहे. कारण ह्यांनी ते वाचावं. आत्ता माझ्या खांद्यावरून वाचताहेतच.

“अट घालायची काय गरज होती?” विचारतात.

“गरज नव्हती हे तुम्ही मला काल सांगायचं होतं,” मी म्हटलं.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केले आहे. दोघांनीही एकमेकांसमोर व माझ्यासमोर सह्या केल्या आहेत. पोहे सर्वांनी खाल्ले आहेत.

लिहून ठेवणार: प्रमिला दयानंद गजभिये

साक्षीदार:
१. तय्यब हसन मुकादम, व्यापारी, सीब सूक (बाजार)
२. जोहरा तय्यब मुकादम, गृहिणी, सीब (पैठणीचा उल्लेख वाचायच्या आत हिची सही घेतली आहे.)

ठिकाण: सीब, मस्कत
दिनांक: २९ डिसेंबर २०१७

(खाली, वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात:)
वाचले. घराची घाई नाही, तू सावकाश मर. मे महिन्याची दोन तिकिटे काढ, मला खिडकीची जागा. — द. गजभिये