गद्दुगीच्या पट्टीचं नाव

अप्पा, आज सकाळी एका माणसाने तुमच्या गद्दुगीचं, समाधीचं, नाव दारूच्या बाटलीवर छापायची परवानगी मागितली, म्हणून लिहायला बसले. वळसंगच्या रानात ज्या खडकाळ पट्टीत आम्ही तुम्हाला आपल्या रीतीने मातीत बसवलं, तिथे समाधीपुरती जागा सोडून मी शार्डोने लावली आहे. ही वाइनची द्राक्षं. त्या खडकात दुसरं काही धड आलं नाही, हे आलं. एवढंच कारण.

तुम्ही काय म्हणाला असता, ते मला ठाऊक आहे. अवकाळीने बेदाण्याचा माल आंबला, तेव्हा एक व्यापारी तो दारूसाठी उचलायला आला होता. तुम्ही शेडच्या दारात उभे आहात, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत. "माल खड्ड्यात जाईल, पिंपात न्हाय." मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. आंबणं ही साधी प्रक्रिया आहे, असं मी म्हणाले. "मग जा की त्येच्यासंगं, ढवळाय!" म्हणत तुम्ही फावडं माझ्या हातात दिलंत. सगळा माल आपण दोघांनी पुरला.

आज तोडणी होती. ऊन चढायच्या आत क्रेट हलले नाहीत तर मालाची चव उतरते. गाडी भरलेली, आणि वाइन करणारा, फ्रान्सच्या बरगंडीत शिकून आलेला, मला सांगत होता, "मॅडम, तिकडे बाटलीवर रानाचं नाव असतं. या एकाच पट्टीचा रस, ओकच्या पिंपात गाळासकट मुरवलेला. तोडणीच्या बायका हिला गद्दुगी म्हणतात ना? तेच देऊ. काय दमदार नाव आहे!"

"ती समाधी आहे. तिथे माझे वडील आहेत."

त्याने फोनमध्ये आधीच टिपलेलं नाव माझ्यासमोर धरलं. "मग तर मागच्या बाजूला गोष्टच छापता येईल."

धाकटा भाऊ मध्ये पडला. "अक्का, दे की! अप्पा पार फ्रान्सला जातील."

"अप्पांना विचारलंस?"

"आता कुटं जाऊन विचारू?"

तोडणीच्या बायका हसल्या. मी पाहिल्यावर थांबल्या. नाव ठरलं नाही तर हा माल इतरांच्या टाकीत मिसळावा लागेल, असं वाइनवाला म्हणाला. इतक्या वर्षांची मेहनत कुणाच्याही रसात जाणार होती. मी गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. "खडकाची पट्टी, असं लिहा. जमत नसेल तर क्रेट उतरवा." ऊन बांधावर आलं होतं. धाकटा माझ्याकडे बघेना. त्या माणसाने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा मालाकडे, आणि माझ्यासमोर फोनमधलं नाव बदललं. मग मी किल्ली दिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, कपाटातच राहील. तरी नोंद करते. त्यांना दिलं: पट्टीतली सगळी द्राक्षं आणि खडकाचं नाव. तुमचं काही दिलं नाही. त्यांच्याकडून आली: मागच्या तोडणीची एक बाटली. ती मी स्वयंपाकघरात नेऊन फुलपात्रात ओतली. पहिला घोट तपासायला घेतला. दुसरा तपासायला नव्हता.