मामाच्या शेडमधलं हेड

सेमेय, २ एप्रिल १९९७

ती. सेरगाझीमामांस,
अक्टोटीचा सलाम वि. वि.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी तुमची धाकटी बहीण नाझिपा हिची मुलगी. पस्तिशीची घोडी झाले आणि मामाला पहिलं पत्र आज लिहितेय, तेही काम पडलं म्हणून.

बाबा जानेवारीत गेले. दुखवट्याच्या गडबडीत त्यांच्या, कचेरीकडून विकत घेतलेल्या जुन्या व्होल्गाच्या इंजिनातलं पाणी संध्याकाळी काढून टाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाबा असते तर अंगात ताप घेऊन उठले असते. आमच्याकडची थंडी तुम्हाला काय सांगायची! पाणी गोठून फुगलं. खालचा ब्लॉक वाचला, वरचं झाकण, म्हणजे हेड, मात्र दोन झडपांच्या मधे तडकलं. इंजिन मी स्वतः खोललंय. हसू नका, बुटांचा कारखाना बंद पडेपर्यंत तिथली यंत्रं मीच दुरुस्त करत होते.

दुसरं हेड कुठे मिळेना. गावातलं सगळं ॲल्युमिनियम भंगारवाले गोळा करून चीनला धाडताहेत. बाजारात एक सापडलं, दिसायला नवरीसारखं. पोलादी पट्टी लावून पाहिली तर खालून उजेड दिसला. कुणीतरी वेल्डिंग करून वाकडं करून ठेवलेलं. विकणारा म्हणतो कसा, ताई, तुमची पट्टीच वाकडी असेल!

झायसानच्या एका ड्रायव्हरकडून कळलं की तुम्ही दवाखान्याची गाडी चालवायचात तेव्हाचं एक कोरं हेड, कारखान्याच्या ग्रीससकट, तुमच्या शेडमध्ये पडून आहे. ते व्होल्गाला बसतं. आईला आजीच्या कबरीवर दुआ करायला यायचंय. बसने जाऊ म्हटलं तर म्हणते, ज्या गाडीतून गेले त्याच गाडीतून येईन, नाहीतर येणारच नाही. तरी हेडची किंमत कळवावी. म्हणाल ती देईन.

मामीला सलाम. लोभ आजवर नव्हता, आता सुरू करावा ही विनंती.

आपली भाची,
अक्टोटी


झायसान, १४ एप्रिल

अक्टोटी हिस,

पत्र पावलं. न पावतं तर बरं झालं असतं.

किंमत कळवा? मामाला? कुठल्या बाजारात वाढलीस गं तू? मामाच्या घरचं काही आवडलं तर बहिणीच्या लेकराने उचलून न्यावं, तीनदा न्यावं, आणि मामाने हूं की चूं करू नये, ही आपली रीत. घोडा नेला तरी हसून निरोप द्यायचा. तुझ्या आईने एवढंही शिकवलं नाही? ती काय शिकवणार म्हणा! मी तिचं लग्न ठरवलं, मेंढे कापायला काढले, आणि ही पहाटे पसार, तुझ्या बापाने साहेबाच्या कामाला म्हणून आणलेल्या व्होल्गात बसून. मग तुझ्या बापाची, त्या ओमिरतायची माणसं मला पांघरायला माफीचा झगा घेऊन आली. झगा मी त्यांच्याच घोड्यावर टाकून परत पाठवला. आज आणला तर आजही पाठवीन.

हेड आहे. शेडमध्ये आहे आणि शेडमध्येच राहील. ज्या गाडीने माझं नाक कापलं तिला मी डोकं देऊ होय? ती गाडी माझ्या दारात उभी राहायची नाही.

तुझे बाबा गेल्याचं वाईट वाटलं. अल्ला त्यांना जन्नत देवो. माणूस वाईट नव्हता, असं लोक म्हणतात.

प्रकृतीस जपावे. उत्तराची घाई नाही.

सेरगाझी


सेमेय, २७ एप्रिल

ती. मामांस,
सलाम वि. वि.

घाई तुम्हाला नसेल, मला आहे.

मामाला किंमत विचारली ही माझी चूक, कान पकडते. पण आता तुमच्याच अक्षरातलं पत्र माझ्यापुढे आहे. बहिणीच्या लेकराला आवडेल ते त्याने उचलावं आणि मामाने हूं की चूं करू नये! तर मामा, मला तुमचं हेड आवडलं. न बघताच आवडलं. मी काही घोडा मागत नाही.

हा हक्क भाच्याचा, भाचीचा नव्हे, असं म्हणणार असाल तर म्हणू नका. ते ऐकून माझे कान किटलेत. बाईने इंजिन खोललं म्हणजे गाडी भंगारात गेलीच समजा, असं आमची सगळी गल्ली म्हणते. परवा एक जण किलोचा भाव सांगायला थेट अंगणात आला. मी पाना उचलला, तेव्हा त्याला आपलं घर आठवलं.

मे महिन्यात बसने येईन आणि हेड खांद्यावर टाकून नेईन. दार लावून घेतलंत तर दारात बसून राहीन. मुलगी कुणाची आहे ते विसरू नका.

राग आहे तसाच असू द्यावा, त्यात माया असतेच.

तुमचीच,
अक्टोटी


झायसान, ८ मे

चि. अक्टोटी हिस,
(चि. हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद खराब होतो.)

तू वकील व्हायची सोडून पाने कशाला उचलत बसलीस? भाचीलाही हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो जिला आपण आपल्या हाताने सासरी पाठवली त्या बहिणीच्या लेकरांना. नाझिपाला आम्ही दिलीच नव्हती, मग तुझा हक्क आला कुठून? हेड तुला उचलू दिलं म्हणजे ते लग्न मला मान्य झालं. एवढी वर्षं मान्य केलं नाही ते आता ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी करू?

येऊ नकोस. तुझी मामी तुझ्यासाठी गाद्या उन्हात घालतेय. तिच्याकडे मी लक्ष देत नाही.

कळावे.
सेरगाझी


सेमेय, १९ मे

ती. दादास,
नाझिपाचा सलाम.

पोरीने तुझी पत्रं मला वाचून दाखवली. आता मीच लिहिते.

तू मला दिलं नाहीस हे खरं. पण मला कुणी नेलंही नाही. मी माझ्या पायांनी चालत गेले, गाडीचं दार मी उघडलं आणि मीच लावलं. ओमिरताय तर इतका घाबरला होता की त्याला गाडी सुरू करायचंही सुचेना. मीच ओरडले, चल! त्याची माणसं माफी मागायला आली ती त्याच्या वतीने. माझी माफी त्यात नव्हती, आजही नाही. मी सुखाने नांदले. तुझ्या मान्यतेवाचून माझा संसार अडला नाही, गाडीही अडणार नाही.

आई गेली तेव्हा मला कुणी कळवलं नाही. चाळिसाव्या दिवसाची दुआ होऊन गेल्यावर बाजारात परक्या बाईच्या तोंडून कळलं. त्याचा राग माझ्या पोटात आहे. तो मी आईच्या कबरीपाशी, तुझ्यासमोर बोलून दाखवणार आहे. हेड दे, नाहीतर देऊ नकोस. अक्टोटी सगळा मुलूख पालथा घालून दुसरं आणेल. पण मी येईन ती त्याच गाडीतून, दिवसाढवळ्या, वस्तीच्या मधल्या रस्त्याने, काचा खाली करून.

एवढंच कळव, माझ्या लेकीला तू चारचौघांत भाची म्हणतोस की नाही. बाकी मला तुझं काही नको.

वहिनीचे गुडघे बरे असोत.

तुझी नाझिपा


झायसान, २ जून

चि. नाझिपा हिस,
अनेक आशीर्वाद.

हेड शनिवारच्या बसने निघालं. गोणपाटात बांधलंय. ग्रीस खरवडू नका, रॉकेलने धुवा. अक्टोटीला सांग, गरम इंजिनावर नट आवळू नकोस. थंड होऊ दे, मधल्या नटापासून सुरुवात कर आणि बाहेर बाहेर जा. तिला हे ठाऊक असेल, तरी सांग.

बसथांब्यावर भंगारवाला आडवा आला. सेरगाझी, कशाला पाठवतोस, किलोवर मला दे, म्हणाला. मी म्हटलं, हे माझं राहिलं नाही, माझ्या भाचीने उचललंय. तोंडातून निघून गेलं. अख्खी बस ऐकत होती. लगेच कुणीतरी विचारलंच, तुला कुठली रे भाची? मी सांगितलं, आमच्या नाझिपाची, सेमेयला दिलीय ती. दिलीय म्हणालो मी. हसले दोघंतिघं. हसू देत, त्यांचे दात, त्यांचं तोंड.

आईचं जे बोलायचंय ते कबरीपाशी बोल. मी उभा राहून ऐकेन. उत्तर देईन की नाही ते आत्ता सांगत नाही.

मात्र वस्तीच्या मधल्या रस्त्याने तू एकटी यायचं नाहीस. अलीकडच्या पुलापाशी गाडी थांबवायची. मी तिथे उभा असेन. पुढची सीट माझी, तू आणि तुझी वहिनी मागे. पोरीला म्हणावं, हळू चालव. आपण सगळ्या वस्तीसमोरून जाऊ, आणि बघू कोण तोंड फिरवतो.

तुझा दादा,
सेरगाझी