रतांब्याखालची अळंबी

प्रिय ओमकार,

बोटीवर रेंज मिळाली की तू फोन करतोस, आणि मी "सगळं बरं आहे" म्हणून मोकळी होते. आज लिहितेच. रतांब्याच्या झाडाखालचा कोपरा खणून तिथे मोरचूद ओतायला तू शंकर गड्याला सांगितलंस. मी त्याला आल्या पावली परत पाठवलं. रागाव हवं तर.

तिथे अळंबी उगवली आहेत, पांढरी, बटणाएवढी. मागच्या दारातूनही दिसतात. आई बघून घाबरल्याच, "सगळ्या कलमांक लागात ता, मार मोरचूद!" बागायतदाराचं घर ना आपलं, बुरशी दिसली की हात पंपाकडेच जातो. पण ही आंब्याच्या कलमांना धरणारी नव्हे रे. पडलेला पाला, मेलेलं लाकूड, जे जे गळून पडलं त्याची माती करून ती झाडाला परत देते. ती नसती तर आपलं आवार पाचोळ्यातच गाडलं गेलं असतं.

शाळेत चित्रकलेच्या तासाला मी मुलांकडून अळंब्यांचे छाप करून घेतले. टोपी काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मग कागदावर पांढऱ्या भुकटीचं चित्र उमटतं, मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघांचं. माझ्या वर्गातल्या रियाने तर मातीखालचे धागेही काढले, पार झाडाच्या मुळांपर्यंत. ते चित्र मी घरी आणलं. आई बराच वेळ बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी रतांब्याखालून स्वतःच एक टोपी घेऊन आल्या, "ह्येका पण कागदार ठेव गो."

तुला तो कोपरा डोळ्यांसमोर नको आहे, हे का मला कळत नाही? तिला तिथे मातीत तूच ठेवलंस, आपल्या हातांनी, आणि सुट्टी संपायच्या आधीच बोटीवर निघून गेलास. मी तेव्हा दवाखान्यात होते. मला आपल्या लेकीचं तोंडही नीट पाहता आलं नाही. तिचा फोटो नाही, नाव ठेवायलाही वेळ मिळाला नाही. आईंनी आणलेल्या त्या टोपीचा छाप मी काच लावून देवघराशेजारी टांगला आहे. तेवढंच आहे माझ्याकडे. सुट्टीवर येशील तेव्हा तिथे कुदळ लावू नकोस. माझ्याबरोबर नुसता चल. मी अजून मागच्या दाराच्या पुढे गेलेले नाही रे.

तुझीच,
भक्ती